एक रात्र कोटाच्या आत: मुंबईतल्या मुख्याध्यापकांना आणि सहलप्रमुख शिक्षकांना खुलं पत्र

आदरणीय मुख्याध्यापक आणि सहलप्रमुख सर-बाई,

सप्रेम नमस्कार.

गणपती गावाला गेले की शाळाशाळांत सहलीचा विषय निघतो. पालकांच्या ग्रुपवर पत्रक येतं, पैसे भरायची शेवटची तारीख येते आणि ठिकाण बहुतेक वेळा ठरलेलं असतं: पाण्याच्या घसरगुंड्या, पाळणे, दुपारचं जेवण, संध्याकाळी परत. मुलांना तिथे मजा येते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी एक विनंती आहे. यंदा आठवी-नववीच्या एका तरी तुकडीची सहल अहमदाबादच्या जुन्या कोटात न्या. एकच रात्र. पण मुक्काम कोटाच्या आत करा, नदीपलीकडच्या नव्या शहरात नको.

मी बोरिवलीला राहते आणि अठरा वर्षं फोर्टातल्या एका कार्यालयात नोकरी करते. माझी मुलगी आठवीत आहे. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघी शनिवारी सकाळच्या गाडीने अहमदाबादला गेलो आणि रविवारी रात्री घरी परतलो. त्या शहरात आम्ही जेमतेम सव्वीस तास होतो. एवढ्याशा वेळात माझ्या मुलीने जे विचारलं, ते वर्षभर इतिहासाच्या पुस्तकापाशी बसून विचारलं नव्हतं. म्हणून लिहायला बसले.

अहमदाबादचं रेल्वे स्टेशन कालुपूरला आहे, जुन्या कोटाच्या अगदी कडेला. रिक्षा कालुपूर दरवाज्याकडून आत शिरली आणि रस्ता अरुंद होत गेला. एका ठिकाणी रिक्षावाल्याने थांबून सांगितलं, इथून पुढे चालत. समोर लाकडी दाराची एक कमान होती आणि आत पोळ. आपल्याकडे पोळ म्हटलं की बैलांचा पोळा किंवा देवाच्या नावाने सोडलेला वळू. तिथे पोळ म्हणजे एका वेशीच्या आतली वस्ती. एक मुख्य गल्ली, तिला फुटलेल्या बोळकांड्या, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून उभी घरं, प्रत्येक घरापुढे ओटा. पूर्वी वेशीचं दार रात्री बंद व्हायचं आणि आत पोळीतलीच माणसं असायची. एका जातीची, एका धर्माची किंवा एका धंद्याची माणसं एकत्र राहत, त्यामुळे दाराबाहेरच्या माणसाला आत सहजी जागा नव्हती. हेही मुलांना सांगायला हवं. जुनं ते सगळं प्रेमळ होतं असं शिकवू नका.

माझं बालपण गिरगावातल्या एका वाडीत गेलं. तिलाही कमान होती, मधे चौक होता, आणि रात्री दहानंतर कोण आलं हे सगळ्या मजल्यांना कळायचं. माझ्या मुलीने हे कधी पाहिलेलं नाही. ती एकोणिसाव्या मजल्यावर वाढली, समोरच्या दारातल्या लोकांचं आडनाव तिला पाटीवर वाचून माहीत. त्या संध्याकाळी पोळीतल्या ओट्यावर बसून तिने शेजारच्या आजींना वालाच्या शेंगा सोलून दिल्या. एकीला गुजराती येत होतं, दुसरीला मराठी, आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. मी लहानपणाबद्दल तिला बारा वर्षं जे सांगत होते, ते तिला त्या अर्ध्या तासात समजलं.

आम्ही उतरलो ती जुनी हवेली होती, आता वरच्या खोल्या पाहुण्यांना देतात. मधे आकाशाला उघडा चौक. चौकाच्या फरशीत एक दगडी झाकण. मालकांनी ते उचललं, मोबाइलचा उजेड आत टाकला आणि खाली काळंभोर पाणी दिसलं. हे टांकं. छपरावर पडलेला पाऊस पन्हळीतून आणि नळीतून थेट या तळघरात येतो. पहिल्या सरींचं पाणी छप्पर धुऊन बाहेर सोडून द्यायचं, मग पुढचं साठवायचं, आणि ते वर्षभर प्यायला वापरायचं. जमिनीखाली उजेड नाही, म्हणून शेवाळ धरत नाही. माझी मुलगी लगेच म्हणाली, "हे तर रायगडावरच्या टाक्यासारखं." शब्दही जवळजवळ तोच. शिक्षक मंडळी, भूगोलाचा पाऊस, विज्ञानातलं प्रकाशसंश्लेषण आणि इतिहासातला गड एका दगडी झाकणाखाली भेटले. फळ्यावर हे तिन्ही आपण वेगवेगळ्या तासांना शिकवतो.

त्या घरांच्या भिंतीसुद्धा नीट पाहायला लावा. विटांच्या मधे आडव्या लाकडी तुळया घातलेल्या असतात, वरून खांब आणि कोरीव तीर. जमीन हादरली तर लाकूड थोडं हलतं, वाकतं आणि विटांना एकत्र धरून ठेवतं. 2001च्या भूकंपात जुन्या शहरातल्या घरांचं नुकसान झालं, पण लाकूड आणि विटांची ही गुंफण जिथे नीट राखली होती तिथे ती कशी टिकून राहते, हे हाताने चाचपून कळतं.

रात्री माणेक चौकात गेलो. सकाळी तिथे गाईंच्या चाऱ्याचा आणि भाजीचा बाजार, दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या, आणि पेढ्यांची दारं ओढली गेली की त्याच जागेवर खाण्याच्या गाड्या. एका चौकाचे दिवसाला तीन धंदे. जवळच बादशाहचा हजिरो आहे, म्हणजे शहर वसवणाऱ्या अहमदशाहाची कबर, आणि राण्यांच्या कबरींचा राणीनो हजिरो, ज्याच्याभोवती आज बायकांच्या कपड्यांचा बाजार भरतो. आपल्या झवेरी बाजाराच्या आणि मुंबादेवीच्या गल्ल्यांत वाढलेल्या कुणालाही तिथे परकं वाटणार नाही. गर्दी मात्र फार असते. पन्नास मुलं एकदम नेऊ नका, दहादहांच्या टोळ्या करा आणि प्रत्येकीबरोबर एक मोठं माणूस द्या.

रविवारी सकाळी पदयात्रा. अहमदाबाद महानगरपालिकेने 1997च्या नोव्हेंबरात, जागतिक वारसा सप्ताहात, ही वारसा पदयात्रा सुरू केली आणि ती आजही रोज सकाळी कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघते. हे मंदिर 1822 सालचं, आतलं लाकूडकाम रंगवलेलं. तिथून पोळीपोळींतून जात शेवट जामा मशिदीपाशी होतो. वाटेत गुजराती कवी दलपतरामांचं घर लागतं. घराच्या जागी आता चौक केला आहे आणि ओट्यावर कवींचा पूर्णाकृती पुतळा असा बसवला आहे की मुलं जाऊन त्यांच्या मांडीला टेकतात. आपल्याकडे कवीचा पुतळा चौथऱ्यावर, रेलिंगच्या आत असतो. एका कवीशेजारी बसता येतं, ही गोष्ट माझ्या मुलीने घरी आल्यावर आजोबांना सगळ्यात आधी सांगितली.

गल्लीगल्लीत चबुतरे दिसतात. उंच खांबावर कोरीव थाळी, वर छोटं छप्पर, पक्ष्यांना दाणा टाकायला. घरं इतकी दाटीने बांधली की झाडांना जागाच उरली नाही, तेव्हा पाखरांसाठी खांब उभे केले. आणि एक बोळ असा की समोर एखाद्या घराचं दार वाटतं. ते ढकललं तर आत घर नसतं, दुसऱ्या पोळीत निघणारी वाट असते. संकट आलं तर पळायला केलेली. मुलं इथे ओरडतात, तर ओरडू द्या.

जामा मशीद 1424 सालची आहे. तिच्या खांबांच्या वनात मुलांना दहा मिनिटं गप्प उभं करा, एवढंच सांगते. आणि शनिवारी दुपारीच सिदी सय्यदच्या मशिदीतली दगडी जाळी दाखवून घ्या. एका झाडाच्या फांद्या दगडात अशा विणल्या आहेत की ऊन त्यातून गाळून येतं. ही मशीद 1573च्या सुमाराची, गुजरातची सल्तनत मोडून अकबराचा अंमल येण्याच्या अगदी तोंडावरची. बांधवणारा सिदी सय्यद हबशी होता, म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून आलेल्या लोकांपैकी. जंजिऱ्याचा सिद्दी आपल्या मुलांना फक्त शत्रू म्हणून माहीत असतो. त्याच मूळच्या माणसाने उभी केलेली ही जाळी त्यांनी बघावी.

आता ज्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहिते आहे, ते सांगते.

जामा मशिदीपासून थोडं पुढे तीन दरवाजा आहे. भद्र किल्ल्यातून निघालेल्या जुन्या शाही मैदानाचं हे तीन कमानींचं प्रवेशद्वार, शहराच्या पहिल्या काळातलं. एका कोनाड्यात दिवा तेवत असतो. लक्ष्मी शहर सोडून निघाली होती, एका कोतवालाने तिला दाराशी थांबवलं आणि स्वतःचा जीव देऊन तिला शहरात राखलं, म्हणून हा दिवा, असं सांगतात. तो दिवा पिढ्यानपिढ्या एक मुसलमान कुटुंब लावत आलं आहे. या दारातून दिवसभर फेरीवाले, स्कूटर, हातगाड्या जात असतात. वर कुणी बघत नाही.

त्या दरवाज्यावर देवनागरीत कोरलेला एक लेख आहे. 1753 साली रघुनाथराव पेशवे आणि दमाजी गायकवाड यांनी अहमदाबाद घेतलं. मधला थोडा काळ सोडला तर इंग्रज येईपर्यंत शहराचा कारभार पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटलेला होता. 1812 साली इथला मराठ्यांचा सुभेदार होता चिमणाजी रघुनाथ. त्याने हा हुकूम दगडात कोरून शहराच्या सगळ्यात वर्दळीच्या दारावर लावला. आशय असा, की वडिलांच्या मालमत्तेत मुलीला तिचा रास्त वाटा कुठलाही अडथळा न आणता द्यावा. हे जो मोडेल तो हिंदू असेल तर त्याने महादेवाला उत्तर द्यावं आणि मुसलमान असेल तर अल्लाला.

1812. आपल्या महाराष्ट्राने हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हक्क देणारी दुरुस्ती केली 1994 साली, आणि तीही त्यावेळी लग्न न झालेल्या मुलींपुरती. देशभरासाठी कायदा बदलला 2005 साली. एका मराठी सुभेदाराने घातलेला दगड त्याआधी जवळजवळ दोन शतकं उन्हापावसात उभा होता.

माझ्या आईने 1988 साली कोकणातल्या घराचं हक्कसोडपत्र करून दिलं. तिच्या भावांनी कागद आणला, तिने चष्मा लावून सही केली आणि सगळ्यांना चहा केला. माझ्या मामांवर माझा राग नाही, तेव्हा घरोघरी तसंच चालायचं. पण कागद आवरून ठेवल्यावर ती बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होती, हे मला लख्ख आठवतं. तीन दरवाज्याखाली उभी असताना मला ती उभी असलेली दिसली. मी मुलीला आजीची गोष्ट तिथेच, त्या गर्दीत सांगितली. तिने वर बघितलं, मग विचारलं, "आजीला हा दगड माहीत होता का?"

नव्हता. मलाही नव्हता. मराठ्यांच्या इतिहासात आम्ही अटकेपार गेलेले झेंडे शिकलो, पानिपत शिकलो, आणि ते शिकायलाच हवं. पण परमुलखात कारभार करताना एका अधिकाऱ्याने मुलींच्या बाजूने काय लिहून ठेवलं, हे आम्हाला कुणी दाखवलं नाही. तुमच्या वर्गातल्या मुलींना ते दाखवा. मुलांनाही, कारण उद्या हक्कसोडपत्राचा कागद बहिणीपुढे कदाचित तेच धरणार आहेत.

थोडं त्या भिंतीबद्दल. सुलतान महमूद बेगड्याने 1486च्या सुमारास शहराभोवती कोट घातला, घेर सुमारे दहा किलोमीटर, दरवाजे बारा असं परंपरेने सांगतात. 1830च्या सुमारास तो ढासळत आला होता. दुरुस्तीसाठी मालावर छोटासा कर बसवला आणि पैशांचा हिशेब ठेवायला समिती नेमली. त्या समितीतूनच पुढे शहराची नगरपालिका वाढली. भिंत सांधायला जमलेले लोक शहर चालवायला लागले. नागरिकशास्त्राच्या शिक्षकांना यापेक्षा चांगलं उदाहरण कुठे सापडेल? विसाव्या शतकात रस्ते आणि वस्ती वाढली तशी भिंत पाडत नेली, पण दिल्ली दरवाजा, रायपूर, आस्टोडिया, सारंगपूर असे कितीतरी दरवाजे ठेवले. आज ते वाहतुकीच्या मधोमध एकेकटे उभे आहेत. 2017 साली युनेस्कोने हे जुनं शहर जागतिक वारसा यादीत घेतलं. भारतातलं ते पहिलं वारसा शहर.

आणि आपण? आपणही कोटवाले आहोत, हे मुलांना आधी सांगा. जुने मुंबईकर फोर्टला कोटच म्हणत, धोबी तलावाच्या बाजूला बाहेरकोट. इंग्रजांनी 1716च्या सुमाराला तटबंदी पुरी केली. तीन दरवाजे ठेवले: अपोलो गेट, चर्चगेट आणि बाजारगेट. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा मुंबईत इतकी धास्ती पसरली की तटाभोवती खंदक खणायला इथल्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये काढून दिले. तटाबाहेर तोफांना मारा करायला जागा हवी म्हणून मैदान मोकळं करून ठेवलं. आज ज्या आझाद मैदानावर, क्रॉस आणि ओव्हल मैदानावर तुमची मुलं क्रिकेट खेळतात, ते त्या मोकळ्या पट्ट्यातले उरलेले तुकडे. 1862 नंतर गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तट पाडला, खंदक बुजवला आणि त्या जमिनीवर नवी मुंबापुरी उभी राहिली. पाडायला कारणं होती. आत माणसं कोंबून भरलेली होती, हवा खेळत नव्हती, आणि समोर शत्रू उरला नव्हता. पण अहमदाबादने दरवाजे राखले, आपण एकही राखला नाही. चर्चगेट नावाचं स्टेशन राहिलं. ते गेट तिथे नव्हतंच, ते होतं हुतात्मा चौकाजवळ, जिथे 1864 साली फ्लोरा फाउंटन बांधलं. मी अठरा वर्षं रोज तिथून चालत जाते. अहमदाबादहून परतल्यावर सोमवारी पहिल्यांदा मला पायाखाली वेस जाणवली.

म्हणून सहलीच्या आधी एका शनिवारी सकाळी याच मुलांना फोर्टात आणा. दोन-अडीच तास पुरतात. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारालगत फोर्ट जॉर्जचा उरलेला तटाचा तुकडा आहे. तिथून सुरुवात करा. मग जीपीओवरून बाजारगेटच्या जुन्या रस्त्याने हॉर्निमन सर्कलला, 1718च्या सेंट थॉमस चर्चपाशी. याच चर्चवरून त्या दरवाज्याला नाव पडलं. शेवट हुतात्मा चौकात.

तिथे आणखी एक गोष्ट सांगता येईल. 1960पर्यंत मुंबई आणि अहमदाबाद एकाच राज्यात होती. इथे संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं गोळ्यांना सामोरी गेली, तिथे 8 ऑगस्ट 1956ला महागुजरातसाठी आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. त्यांचं स्मारक भद्रजवळ, लाल दरवाज्याच्या परिसरात आहे. म्हणजे दोन्ही शहरांत भाषेसाठी मेलेल्यांच्या खुणा जुन्या कोटाच्या वेशीपाशी आहेत आणि दोन्ही राज्यांचा वाढदिवस एकच, 1 मे. मुंबईच्या शाळेत मराठी आणि गुजराती घरांतली मुलं एका बाकावर बसतात. दोन्ही ठिकाणी फुलं वाहायला त्यांनी एकत्र जावं असं मला मनापासून वाटतं.

आता व्यवहाराचं. शैक्षणिक सहलीसाठी शाळेच्या सहीशिक्क्याच्या पत्रावर रेल्वे विद्यार्थ्यांना भाड्यात सवलत देते. कागद काय लागतात ते आरक्षण कार्यालयात आधी विचारून घ्या. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि हिवाळ्यातल्या शनिवारच्या जागा पटापट जातात. शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी पोचलात तर दीड दिवस हाती येतो. उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे दिवस टाळा. तेव्हा पोळीतली प्रत्येक गच्ची पतंगांसाठी आधीच ठरलेली असते. उन्हाळ्यात तर नेऊच नका. हवेल्यांमध्ये खोल्या थोड्या असतात, म्हणून तुकडी तीसचीच ठेवा आणि दोन-तीन घरांत विभागा. मशिदीत आणि मंदिरात डोकं झाकायला प्रत्येकाकडे रुमाल असू द्या. आणि मुलांना मोबाइल देऊ नका, वही द्या. माझ्या मुलीने टांक्याचं चित्र काढलं आहे, त्यात पाणी कुठून येतं ते बाणांनी दाखवलंय.

खर्चाचा प्रश्न येणारच. ज्या घरांना जमणार नाही त्यांच्यासाठी बाकीच्या पालकांनी वर्गणी काढावी. आमच्या वाडीत गणपतीला तसंच चालायचं, आणि कुणी किती दिले हे पावतीपुस्तकाबाहेर कधी गेलं नाही. फोर्टातली शनिवारची फेरी मी स्वतः घडवून आणीन. तटाची रेघ कुठून जात होती ते चालून पाठ केलं आहे. अहमदाबादला मदतनीस पालक लागले तर मी रजा काढून येईन. ज्या शाळेला हवं असेल तिने सांगावं, माझ्या मुलीची शाळा असायला हवी असं नाही.

तीन दरवाज्यापाशी सकाळी दहाच्या आत पोचा, मग फेरीवाले दुकानं मांडतात आणि उभं राहायला जागा उरत नाही.

आपली,
एक पालक
बोरिवली, मुंबई